या, बसा

आमच्याकडे कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की पहिला शब्द येतो, 'या, बसा.' घरात खुर्ची नसली तर पोतं अंथरतात, पोतं नसलं तर पदराने ओटा झटकतात, पण आल्या माणसाला उभं ठेवत नाहीत. सतरा वर्षं मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात विशेष शिक्षिका म्हणून फिरते आहे. केज, धारूर, वडवणीकडच्या वाड्या-तांड्यांवर किती ओट्यांवर बसले असेन, मोजदाद नाही. आणि ज्या लेकरासाठी मी तिथवर गेलेली असायची, ते मात्र बहुतेक घरांत आडवं असायचं. वाकळेवर, बाजेवर, उंबऱ्याच्या आत जिथे सावली पोचते तिथे. परक्याला 'बसा' म्हणणाऱ्या घरात घरचंच एक लेकरू सात-सात, आठ-आठ वर्षं कधी बसलेलं नसायचं, आणि त्याचं कुणाला नवलही वाटत नसे. 'त्ये तसंच हाय', एवढंच म्हणायचे.

एका मुलाचं सांगते. त्याची आजी त्याला राजा म्हणते, मीही इथे तेवढंच म्हणेन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. त्या दिवसांत आमच्याकडचं गाव कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. निम्म्या घरांना कुलपं, ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या, मागे म्हातारी माणसं, शेळ्या आणि ज्यांना नेता येत नाही अशी लेकरं. राजाचे आईवडील कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर गेले होते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई मागे राहिली की अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्यावर मुकादम पुरती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही. आधी दोन-तीन हंगाम आईने त्याला सोबत नेला होता. फडाच्या कडेला पाचटावर वाकळ टाकून, त्याला त्यावर निजवून ती मोळ्या बांधायची. एका थंडीत त्याच्या छातीत कफ भरला, कसाबसा वाचला, तेव्हापासून आजीपाशी. वस्तीतली बाकीची मागे राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात जेवायची. राजाला तिथे कोण भरवणार, त्याची शी-शू कोण बघणार, म्हणून त्याचं नाव त्या यादीत नव्हतंच.

सहा वर्षांचा होता, वजनाने तीन वर्षांच्या लेकराएवढा. आजी मांडीवर उताणं घेऊन त्याला दुधात कुस्करलेली भाकरी चारत होती. घास घातला की त्याचं डोकं मागे जायचं, पाठीची कमान व्हायची, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. मग ठसका. मग आजी पाठीवरून हात फिरवायची, पुन्हा घास. अर्धी भाकरी संपायला तासाच्या वर वेळ गेला. मी तिथेच बसून होते. आजी म्हणाली, "रोजचंच हाय बाई. दिस असाच जातो माजा."

राजा सातव्या महिन्यात झालेला, कारखान्यावरच. त्या वयात मेंदूच्या आतल्या पोकळीलगतचा भाग फार नाजूक असतो, आणि पायांकडे हुकूम नेणाऱ्या तारा नेमक्या तिथून जातात. तिथे रक्त कमी पडलं की पाय ताठरतात. इजा मोठी असेल तर हात, मान, जीभ, गिळणं सगळ्यावर परिणाम होतो. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मराठीत 'मेंदूचा पक्षाघात' असा शब्द रूढ आहे. मला तो मुळीच आवडत नाही. मेंदू म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं बुद्धीच गेली, आणि एकदा तसं वाटलं की त्या लेकराशी कुणी बोलतसुद्धा नाही. खरं तर बुद्धी पूर्ण शाबूत असलेली कितीतरी मुलं या शरीरात अडकलेली असतात. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण लेकरू नुसतं पडून राहिलं की स्नायू आखडत जातात, खुबा जागेवरून सरकू लागतो, आणि दहाव्या वर्षी जे दिसतं ते आजारापेक्षा पडून राहण्याने झालेलं असतं.

उताणं निजवलं की अशा मुलाचं शरीर सरळ ताठ होतं. त्या ताठरपणात ना हात पुढे येतो, ना मान वळते, ना घास नीट उतरतो. आणि दिसतं काय? आढ्याचे वासे. कंबरेत काटकोन करून बसवलं, गुडघ्यात काटकोन, घोट्यात काटकोन, तर ती कमान मोडते. पाठीला टेकू मिळाला की मान सावरते, मान सावरली की डोळे एका जागी ठरतात, डोळे ठरले की हात त्या दिशेला जायला बघतो. अक्षरं, अंक, चित्रं, सगळं त्याच्या पुढचं. विशेष शिक्षण म्हणजे काही वेगळी पुस्तकं असतील असं लोकांना वाटतं. माझ्या कामात पहिला धडा हा बसण्याचा आहे, आणि तो चुकला तर पुढचे सगळे वाया जातात. हे मला पदविकेच्या वर्गात शिकवलं होतं. पटलं ते राजाच्या आजीच्या मांडीवरची भाकरी बघून.

माझ्या लहानपणी 'अपंग' म्हटलं की पोलिओ. प्रत्येक गावात एक-दोघं असायचे, पायात कॅलिपर, हातात कुबडी. माझ्याच वर्गात एक मुलगी होती, सुट्टीत दप्तरं राखायचं काम नेहमी तिच्याकडे. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, थेंब पाजत पाजत देशाने तो रोग हटवला. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. हे फार मोठं काम झालं, त्यात आमच्या आशाताई, अंगणवाडीताई उन्हातान्हात फिरल्या आहेत. पण साहित्य वाटणाऱ्यांच्या मनातलं अपंगाचं चित्र तेच राहिलं. पोलिओ झालेल्या मुलाची कंबर आणि हात बहुधा मजबूत असायचे, त्याला तीनचाकी द्या, कुबड्या द्या, तो चालता व्हायचा. आता माझ्या यादीतली बहुसंख्य मुलं सेरेब्रल पाल्सीची आहेत. त्यांना तीनचाकीचा दांडा फिरवता येत नाही. त्यांना मापाची बैठक लागते.

बाहत्तर म्हटलं की आमच्याकडे दुष्काळच आठवतो. खडी फोडणं, सुकडी, गाव सोडून गेलेली माणसं, आमच्या घरात अजून त्या गोष्टी निघतात. त्याच १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, आपल्या मुलीला देशातली एकही शाळा सामावून घेत नव्हती म्हणून. ही गोष्ट मी प्रशिक्षणात ऐकली तेव्हा पहिला विचार आला तो त्याच साली आमच्या डोंगरात अशी किती लेकरं निजलेली असतील याचा. इकडे पोचायला फार वर्षं गेली. आता लातूरजवळ हरंगुळला 'संवेदना' हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीचं केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरला उपचार मिळतात, अंबाजोगाईला मोठं सरकारी रुग्णालय आहे. पण राजाच्या वस्तीवरून लातूर गाठायचं म्हणजे जीप, मग एसटी, मग रिक्षा, आणि मांडीवर ताठरलेलं लेकरू. आठवड्याला दोनदा हे कोण करेल? दर शनिवारी जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्यांच्या जिद्दीवर अख्ख्या जिल्ह्याची सोय उभी राहत नाही.

राजाला शिबिरातून चाकाची खुर्ची मिळाली होती. मापं घेण्याचं शिबिर एकदा, वाटपाचं शिबिर पुढे कित्येक महिन्यांनी. आली ती मोठ्या माणसाची. त्यात राजाला ठेवला की तो घसरत घसरत पाठीवर यायचा, पाय लोंबकळायचे आणि लटकलेल्या पायांनी अंग आणखी ताठ व्हायचं. एका बाजूला तोल जाऊन मान दांडीला घासून सोलली गेली, तेव्हापासून आजीने त्या खुर्चीवर ज्वारीचं पोतं ठेवलं. मी गेले तेव्हा ते पोतं तिथेच होतं. कागदावर मात्र राजाला साहित्य मिळालेलं होतं, आणि एकदा मिळालं की लगेच पुन्हा मागता येत नाही. मी दोनदा अर्ज केले. दुसऱ्या वेळी समोरच्या साहेबांनी खुर्ची दिल्याचा फोटो काढून दाखवला. त्यात राजा होता, गळ्यात हार घातलेला आणि अर्धा घसरलेला. त्या फोटोकडे बघून मला जे वाटलं ते अजून शमलेलं नाही.

शेवटी गावच्या सुतारमामांकडे गेले.

त्यांना मी वहीत काढलेलं चित्र दाखवलं. पाठ सरळ, बैठकीची खोली म्हणजे कुल्ल्यापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, दोन बोटं कमी, बैठक पुढून जराशी उचललेली म्हणजे घसरायचा नाही, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक गुळगुळीत खुंट म्हणजे पाय कात्री करणार नाहीत, पायाखाली फळी, पुढे कोपराच्या उंचीवर पाट, पोटाजवळ अर्धगोल कापलेला. मामांनी चित्र बघितलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "आधी लेकरू दावा." आले, राजाला आजीच्या मांडीवर नीट बसवायला लावलं, सुतळीने मापं घेतली. मग बराच वेळ गप्प बसून विचारलं, "बाई, हे पोरगं वाढंल की. मग पाय कुठं ठिवायचे?" मला हे सुचलं नव्हतं. त्यांनी पायाच्या फळीसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं पाडली, खुंटी काढून फळी खाली सरकवायची. पाठीची फळीही तशीच, मागे सरकणारी. लाकूड मोडक्या बाजेचं. कडा त्यांनी रंध्याने आणि मग काचेच्या तुकड्याने घासून इतक्या मऊ केल्या की गालाला लावून बघितल्या. आजीने वाकळेचे तुकडे शिवून गाद्या केल्या, आणि पट्ट्यासाठी जुन्या लुगड्याचा काठ काढून दिला. रुंद, मऊ, आणि ओढला तरी तुटत नाही. पट्टा पोटावरून नाही, मांडीच्या जांघेवरून खाली तिरका ओढायचा असतो, म्हणजे कंबर मागे पक्की राहते. हे आजीला एकदाच सांगावं लागलं.

पहिल्या दिवशी राजा सात मिनिटं बसला आणि रडला. मी घड्याळ लावून होते. दुसऱ्या दिवशी दहा. आजीला सांगितलं होतं, रडला की काढायचं, पण रोज बसवायचं. दोन आठवड्यांनी गेले तर तो खुर्चीत बसून दारातून बाहेर बघत होता. शेळ्या, कोंबड्या, समोरचं लिंबाचं झाड. सहा वर्षं त्या घरात राहून त्याने स्वतःचं अंगण पहिल्यांदा उभ्या रेषेत पाहिलं असणार. आजी म्हणाली, भाकरी आता अर्ध्या तासात संपती, ठसका कमी झाला. हनुवटी किंचित खाली ठेवून, समोर बसून, चमचा खालून आणून भरवायचं हे तिने पकडलं होतं.

मग पाटावर चिंचोके आले. पाटाला कड होती म्हणून ते घरंगळत नव्हते. राजाची मूठ उघडत नाही, पण मुठीच्या पाठीने तो चिंचोका ढकलू शकायचा, एकेक, फार सावकाश. 'हो' म्हणायला वर बघायचं, 'नाही' म्हणायला डोळे मिटायचे, हे आम्ही ठरवलं होतं. एक दिवस मी विचारलं, "शेळ्या किती आहेत रे आपल्या?" मला माहीत होतं, आठ. त्याने ढकलायला सुरुवात केली. घाम आला त्याला. सात ढकलले आणि थांबला, माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, अजून एक राहिला बघ. त्याने डोळे मिटले. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा मिटले, घट्ट. मला वाटलं थकला. चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, "सातच हायेत बाई. परवा एक इकली."

ती रोज संध्याकाळी शेळ्या आत घेताना मोठ्याने मोजायची. तो पडल्या पडल्या ऐकत होता, कोण जाणे किती वर्षं.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या. त्या दिवशी मी योगायोगाने तिथेच होते. राजाची आई डोक्यावर गाठोडं घेऊन अंगणात आली आणि थांबली. दारात तो खुर्चीत. तिने गाठोडं खाली ठेवलं, पण त्याला उचलायला गेली नाही. आधी खुर्चीच्या मागे जाऊन बघून आली, मागून कुणी धरलंय का. मग म्हणाली, "बसायलंय की ओ माय!" आणि तिथेच मातीत बसली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

शाळेचा प्रश्न त्यानंतरचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला ६ ते १८ वर्षं जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्याआधी शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही मिळाला. गृहाधारित शिक्षण. मी स्वतः ते काम करते, आणि तरी सांगते की या पर्यायाची मला भीती वाटते. ज्याला खरंच घराबाहेर नेता येत नाही त्याच्यासाठी तो आधार आहे. पण ज्याला नेण्याची तसदी कुणाला नको आहे त्याच्यासाठीही तोच पर्याय वापरला जातो. पटावर नाव, घरी मूल, आणि पंधरा दिवसांतून एकदा एक बाई. त्या वर्षी माझ्याकडे २१ गावांत ६२ मुलं होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. तो निकाल वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल तर बासष्टला दहाने भागलं.

राजाच्या शाळेला रॅम्प होता. माहितीच्या रकान्यात 'रॅम्प: आहे' असं दरवर्षी भरलं जायचं. वर्गाचा ओटा दोन फूट उंच. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे दोन फुटांसाठी चोवीस फूट लांब उतार लागतो. होता सात फुटांचा. त्यावरून खुर्ची चढवायला दोन गडी लागायचे आणि उतरवताना छातीत धस्स व्हायचं. नवीन आलेल्या मुख्याध्यापकांना मी टेप घेऊन प्रत्यक्ष मोजून दाखवलं. ते ग्रामसभेत उठले आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, तो आजवर कुठे गेला ते विचारलं. पुढचे दोन-तीन महिने काय काय झालं त्यात जात नाही. उतार झाला. अंगणात चोवीस फूट सरळ जागा नव्हती म्हणून मध्ये सपाट चौथरा घेऊन काटकोनात वळवला, बाजूने नळ्यांचा कठडा. आता त्याच उतारावरून पोषण आहाराची पातेलीही जातात आणि गुडघे दुखणाऱ्या मदतनीस मावशीही.

आणि ती शिबिरातली खुर्ची? मामांनीच तोडगा काढला. ज्वारीचं पोतं उतरवलं, लाकडी बैठक तिच्या आत बसवली, दोन्ही बाजूंना लाकडी गुटके ठोकून पक्की केली. चाकं त्यांची, बैठक आपली. राजा तिसरीच्या वर्गात त्याच खुर्चीतून गेला. पेन्सिल जाड हवी म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, पण लिहिणं त्याला जमत नाही, आणि मी आता त्याचा हट्ट सोडला आहे. चित्रांचा आणि शब्दांचा तक्ता आहे, त्यावर तो मुठीने दाखवतो. शेजारी बसणारा मुलगा ते माझ्यापेक्षा लवकर वाचतो. दहावीला लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. पण लेखनिकाला उत्तर सांगायचं कशाने, हे आत्तापासूनच बघायला हवं. त्यासाठी मी बोलणारं यंत्र शोधते आहे, मराठीत बोलणारं, आणि शक्यतो आमच्याकडचं मराठी.

आधार कार्डासाठी पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्याची मूठ उघडेना, तीन वेळा तालुक्याहून परत पाठवलं. ठसे देता न येणाऱ्यांसाठी नियमात सवलत आहे हे तिथल्या माणसाला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या वेळी आजी त्याला घेऊन पायरीवर बसून राहिली, उठलीच नाही. मी नियम छापून घेऊन पोचेपर्यंत दुपार झाली होती. अशा गोष्टींत आमची वर्षं जातात.

या जूनमध्ये मी गेले तेव्हा आजीने नेहमीसारखा पदराने ओटा झटकला, "या, बसा." राजा अकरा वर्षांचा झाला आहे. पायाची फळी सगळ्यात खालच्या भोकात आली आहे आणि तरी गुडघे वर येतायत. पाठीची फळी मागे जायला जागा उरली नाही. मामांना निरोप धाडला. त्यांना आता बारीक दिसत नाही, नातवाला घेऊन आले, सुतळी नातवाने धरली. राजा पूर्ण वेळ त्या सुतळीकडे बघत होता. जुन्या वहीच्या पहिल्या पानावर बैठकीची खोली नऊ इंच लिहिलेली आहे. मामांनी सुतळीला गाठ मारून टेपवर धरली, डोळ्यांजवळ नेली, मग नातवाला वाचायला सांगितली.

"साडेतेरा," तो म्हणाला.

"अन् वर दोन सूत," मामा म्हणाले. "ते बी लिवा बाई."

मी लिहून घेतलं.